नवा मासा तिसऱ्या दिवशी का मरतो? समुद्री मत्स्यालयांतील एका रोगशोधाचा इतिहास

१/
दुकानातून आणलेला समुद्री मासा पहिल्या दिवशी टाकीत ऐटीत फिरतो. दुसऱ्या दिवशी खाणे सोडून कोपऱ्यात थांबतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी निपचित पडलेला आढळतो. अंगावर जखम नसते, पाणी नितळ असते. अशा मृत्यूला 'अचानक' म्हणण्याची रीत घरगुती मत्स्यालयांइतकीच जुनी आहे. पण तो बहुधा अचानक नसतो. त्याची सुरुवात मासा घरी येण्याआधीच झालेली असते. हे उलगडायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

२/
आरंभी प्रश्न रोगाचा नव्हताच. प्रश्न होता समुद्राचे पाणी घरात टिकवण्याचा. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी नासू नये म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीसमोर या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा समतोल साधून दाखवला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत समुद्राचे वेडच शिरले.

३/
त्या काळचे जीव मरत ते बहुतेक पाणी बिघडल्यामुळे, आणि ते बिघडल्याचे नाकालाच कळे. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. नवशिक्याचा पहिला मासा आजही पुष्कळदा याच कारणाने जातो. परंतु जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतही नवे मासे मरू लागले, तेव्हा हे उत्तर अपुरे पडले.

४/
१९२४ मध्ये लंडनच्या त्याच प्राणिसंग्रहालयात नवे, प्रशस्त मत्स्यालय उघडले. आता मासे केवळ जवळच्या किनाऱ्यावरून येत नव्हते. उष्ण कटिबंधातील रंगीत मासेही दूरदूरच्या समुद्रांतून आणले जात होते. निरनिराळ्या सागरांतले जीव प्रथमच एका पाण्यात राहू लागले. त्यांच्याबरोबर आणखी कोण आले आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

५/
१९३१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात एका सूक्ष्म परजीवीची नोंद केली: ऊडिनियम ऑसेलेटम. १९३४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन आले आणि समुद्री माशांत साथ पसरवणारा जीव म्हणून तो ओळखला गेला. पुढे १९४६ मध्ये त्याचे नाव अमायलूडिनियम झाले.
हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांच्या कुळातला. तो मुळांसारख्या तंतूंनी माशाला चिकटतो, आणि तोही आधी कल्ल्यांना. कल्ले झाकणाखाली असतात. त्यामुळे बाहेरून मासा निरोगी दिसत असतानाच आत त्याचा श्वास कोंडू लागतो. अंगावर सोनेरी धुळीसारखी झाक दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

६/
न्यूयॉर्कचे मत्स्यालय तेव्हा कॅसल क्लिंटन या जुन्या किल्ल्यात होते. तेथील रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये या परजीवीचे संपूर्ण जीवनचक्र प्रसिद्ध केले. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाशी कोष करून बसतो, कोषात पेशी दुभंगत जाते आणि एका कोषातून २५६ पर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. ती नवा मासा शोधतात.
संग्रहालयातील लोकांनाच हे आधी दिसले, याचे कारण साधे आहे. घरी मेलेला मासा फेकून दिला जाई. तेथे मेलेला मासा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जाई.

७/
दुसरा शत्रू पांढऱ्या ठिपक्यांचा. गोड्या पाण्यातील असा रोग फ्रेंच संशोधक फुके यांनी १८७६ मध्येच वर्णिला होता. समुद्री माशांवरचे मिठाच्या कणांसारखे ठिपके जपानच्या सिकामा यांनी १९३७ व १९३८ च्या लेखांत मांडले. पण नाव दिले नाही. नाव दिले ते १९५१ मध्ये, पुन्हा ब्राउन यांनीच: क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. पहिल्या शब्दाचा अर्थ 'लपलेले केंद्रक', दुसऱ्याचा 'त्रास देणारा'. सिकामा यांनी स्वतःचे नाव सुचवेपर्यंत १९६१ उजाडले होते. प्राणिशास्त्रात आधीचे नाव टिकते, म्हणून आधी पाहणाऱ्याचे नाव मागे राहिले. नियम बरोबर आहे. तरी सिकामांबद्दल हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.
(मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही १९५१ मध्येच.)

८/
या परजीवीची खरी चलाखी अशी. तो माशाच्या त्वचेखाली काही दिवस वाढतो. तोच पांढरा ठिपका. मग तो गळून पडतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असे मालकाला वाटते. वस्तुतः तो तळाशी कोषात शिरून शेकडोंनी वाढत असतो. परजीवीचे मासा सोडणे आणि पिल्लांचे कोषाबाहेर पडणे बहुतेक अंधारात घडते, म्हणजे मासा तळाजवळ विसावलेला असताना. पुढच्या खेपेला ठिपके दहापट येतात, आणि त्याला लोक 'अचानक' म्हणतात.

९/
मग समुद्रातले मासे असे का मरत नाहीत? परजीवी तेथेही असतोच. पण कोषातून निघालेल्या पिल्लाला काही तासांतच मासा गाठावा लागतो, आणि खुल्या समुद्रात बहुतेक पिल्ले मासा न मिळताच मरतात. टाकीत मासा वीतभर अंतरावर असतो. शिवाय सौम्य लागण सोसलेल्या माशात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. म्हणून जुना मासा धडधाकट राहून रोग बाळगू शकतो आणि प्रवासाने थकलेला नवा मासा त्याच पाण्यात बळी पडतो. दोष नव्याचाच, हे अनुमान दर वेळी खरे नसते.

१०/
उपाय मिळाला तो मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचा. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर जे मोरचूद घालतात, तेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये ऊडिनियमवर मोरचुदाचा वापर प्रसिद्ध केला. तांबे कोषातल्या परजीवीला मारत नाही. ते मारते पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून एका डोसाने काही साधत नाही. लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे अनेक दिवस कायम ठेवावे लागते. कमी झाले तर परजीवी वाचतो, फार वाढले तर मासा मरतो. प्रवाळ आणि कोळंबीसारख्या जीवांना तर एवढे तांबेही सोसत नाही.

११/
दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आणि पॉलिथीनच्या पिशव्या आल्या आणि समुद्री मासा सामान्य घरांपर्यंत पोहोचला. पिशवीचे रसायन मात्र फसवे आहे. माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होते आणि साचलेला अमोनिया कमी घातक रूपात, अमोनियम म्हणून, राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया बनतो. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब पाणी देत बसण्याची प्रेमळ प्रथा म्हणूनच कधी कधी त्याच्या जिवावर उठते.

१२/
याच व्यापाराने आणखी एक काळा अध्याय लिहिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी फिलिपिन्समध्ये सोडियम सायनाइडचे द्रावण प्रवाळांच्या फटींत फवारून मासे गुंगवून पकडणे सुरू झाले. पुढे ही पद्धत इंडोनेशियातही पोहोचली. सायनाइड पेशींचा श्वसनव्यवहार रोखते. काही मासे जागीच मरत, काही शुद्धीवर येऊन दुकानात चांगले दिसत आणि काही दिवसांनी निष्कारण मेल्यासारखे मरत. भोवतीचे प्रवाळही जळत. १९९० च्या दशकात फिलिपिन्समध्ये निर्यातीच्या माशांची सायनाइडसाठी तपासणी होऊ लागली आणि मच्छीमारांना जाळ्याने मासे पकडण्याचे शिक्षण देण्याचे प्रयत्न झाले. घरच्या मालकाला लक्षणांवरून सायनाइड ओळखता येत नाही. येथे प्रतिबंध एकच, मासा कोठून व कसा आला हे विक्रेत्याला विचारणे.

१३/
१९६६ मध्ये निग्रेली आणि जॉर्ज रुजिएरी (हे जेझुइट धर्मगुरूही होते) यांनी न्यूयॉर्क मत्स्यालयातील क्रिप्टोकॅरिऑनच्या साथींचा वृत्तान्त दिला. मत्स्यालय तोवर ब्रुकलिनमधील कोनी आयलंड येथे हलले होते. १९७० मध्ये यिर्झी लोम आणि निग्रेली यांनी आणखी एक मारेकरी नोंदवला. त्याचे नाव ब्रुकलिनेला होस्टिलिस, म्हणजे ब्रुकलिनचा वैरी. एखाद्या वस्तीचा असा गौरव विरळाच. क्लाउनफिशवर तो विशेष उतरतो. अंगावर दाट बुळबुळीत थर येतो आणि त्वचा सोलल्यासारखी सुटते. यावर तांबे चालत नाही, फॉर्मलिन लागते. म्हणून अचूक निदान हा केवळ विद्वानांचा छंद नाही. चुकीच्या औषधात गेलेले दोन दिवस माशाकडे नसतात.

१४/
त्यामुळे जाणकार मालक आधी श्वास पाहतो. कल्ल्यांची झाकणे भराभर हलत असतील, मासा पाण्याच्या प्रवाहासमोर तोंड धरून उभा असेल आणि ठिपके नसतील, तर पहिला संशय अमायलूडिनियमचा किंवा अमोनियाचा. अमोनिया पाणी तपासून लगेच कळतो. मोजता येतील असे मिठासारखे ठिपके दिसले तर क्रिप्टोकॅरिऑन. खात्री हवी असेल तर नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. निग्रेलींच्या काळापासून यात फारसा बदल नाही.

१५/
आणि प्रतिबंध? तो याहून कितीतरी जुना. १३७७ मध्ये रगुझाने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांवर गेली आणि इटालियन भाषेतील चाळिसाच्या शब्दावरून 'क्वारंटाइन' हे नाव रूढ झाले.

१६/
घरगुती टाकीत जिवंत प्रवाळ आले, तेव्हा त्यात तांबे घालणे अशक्य झाले आणि नव्या माशासाठी वेगळी टाकी अपरिहार्य ठरली. ही टाकी दिसायला दरिद्रीच असते. वाळू नाही, खडक नाहीत, कारण ते तांबे शोषून घेतात. लपायला प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा तेवढा. १९८० च्या दशकात लाल समुद्राकाठच्या एलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी पाण्याची क्षारता तात्पुरती उतरवूनही क्रिप्टोकॅरिऑन आटोक्यात आणता येतो, असे दाखवले. मासे ते सोसतात, कोष फुटतात. तथापि रोग एकदा मुख्य टाकीत शिरला, तर तीतले सर्व मासे बाहेर काढून ती रिकामी ठेवावी लागते. किती दिवस, हे कोषांवर अवलंबून. बहुतेक कोष चार आठवड्यांत फुटतात, पण एखादा ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. रगुझाच्या चाळीस दिवसांच्या मुदतीपेक्षाही हे अधिक.