चांद्याची दीक्षा : धर्मचिकित्सा आणि धर्मस्वीकार

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांदा (आजचे चंद्रपूर) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या सोहळ्याकडे नागपूरच्या दीक्षेची पुनरावृत्ती म्हणूनच बहुधा पाहिले जाते. परंतु १४ ऑक्टोबरला नागपुरात आंबेडकरांनी आधी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली होती. चांद्याला ते केवळ दाते होते. दोन दिवसांपूर्वी उपासक झालेला एक गृहस्थ धर्म देऊ लागतो, यातच परंपरेची चिकित्सा आहे.

बुद्धिवादी समीक्षकांना या दीक्षेत चिकित्सेची माघार दिसते. श्रद्धावंत भाष्यकार चिकित्सेला दीक्षेपूर्वीची पायरी समजतात. (आपल्याकडील बुद्धिवाद पुष्कळदा ‘धर्म’ हा शब्द दिसताच वाचन थांबवतो.) चिकित्सा आधी, स्वीकार नंतर, हा क्रम दोघांनीही गृहीत धरला आहे. बावीस प्रतिज्ञांची संहिता तो मानत नाही. प्रारंभीच्या बहुतेक प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. पुढे समता, अष्टांगमार्ग, करुणा यांचा स्वीकार होतो. पण एकोणिसाव्या प्रतिज्ञेत नकार पुन्हा येतो आणि एकविसावीत नव्या जन्माची भाषा. आत्म्याचा पुनर्जन्म नाकारणारा लेखक ‘जन्म’ हा शब्द टाकून देत नाही. त्याला सामाजिक अर्थ देतो.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे काय, अशी शंका त्याच्या प्रस्तावनेत आहे. चौथे सत्य ज्या मार्गाचे, तो अष्टांगमार्ग मात्र अकराव्या प्रतिज्ञेत आहे. याला विसंगती म्हणता येईल. मला ती निवड वाटते. जीवन दुःखमयच ठरवणारा सिद्धान्त माणसाची आशा हिरावतो, आचरणाचा मार्ग हिरावत नाही. नियमांच्या धर्माऐवजी तत्त्वांचा धर्म हवा, ही १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधील मागणीच येथे बौद्ध परंपरेलाही लावलेली आहे.

या चिकित्सेची मर्यादाही चांद्यातच दिसते. प्रतिज्ञांत नाकारलेले ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती हे सारे पुराणपरंपरेतले. त्याच जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात (गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला) गोंडांचा पेर्सापेन होता आणि आहे. या यादीत तो नाही. रोख जातीला आधार देणाऱ्या धर्मसत्तेवर असल्याने हे स्वाभाविकच. पण मग या प्रतिज्ञांना सर्वच उपासनेचे खंडन म्हणणाऱ्यांनी पेर्सापेनला कोठे ठेवायचे?