कुकडीचे पाणी, पश्चिमेचा वारा

जुन्नर तालुक्यातल्या नद्यांवर पूर्वी नावा चालत नसत. कुकडी नाणेघाटाच्या अलीकडे, पूर गावच्या कुकडेश्वराजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे उतरत घोड नदीला मिळते. मीना, पुष्पावती, मांडवी याही तशाच उथळ आणि खडकाळ. पावसाळ्याचे चार महिने त्या पात्र सोडून वाहत आणि उरलेले आठ महिने डोहाडोहांत तुटून पडत. सातवाहनांच्या काळी जुन्नरचा माल नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांकडे उतरे तो जनावरांच्या पाठीवरून. नदीचा त्यात वाटा नव्हता. पुरात पैलतीर गाठायचे तर सांगड बांधायची किंवा पाणी ओसरण्याची वाट पाहायची. पोहणे मुले शिकत ती विहिरीत, पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा, नाहीतर अलीकडच्या काळात तेलाचा रिकामा डबा बांधून. कल्याण–नगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्हे यांच्या दरम्यान असलेल्या राजुरीत तर एवढेही पाणी नव्हते. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथे येईतो पार विरळ होतो. या गावाचे नाव पुढे झाले ते दुधाच्या धंद्याने.

नाव चालेल असे संथ, खोल पाणी देशावर माणसाने अडवून तयार केले, आणि ते नावेसाठी म्हणून क्वचितच अडवले. पुण्याचे उदाहरण जुने आहे. पुण्याला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला; 1850 मध्ये तो पुरा झाला. त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले आणि संगमापर्यंत नदी तळ्यासारखी झाली. साहेबांच्या नावा आल्या त्या या तुंबलेल्या पाण्यावर. 1868 मध्ये तिथे बोट क्लब निघाला, तोच पुढे रॉयल कॅनॉट बोट क्लब. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 चा. त्याचा मार्चमधला रेगाटा पाहायला पुणेकर पिढ्यानपिढ्या काठावर जमत आले आहेत: पंटांची बाणाच्या आकाराची रांग, अंधार पडल्यावर पाण्यावर हलणाऱ्या मशाली. मार्च हा महिनाही सोयीचा. पूर नाही, पाऊस नाही, पाणी स्थिर. गेल्या काही दशकांत मात्र वल्ह्यांना पुरापेक्षा जास्त अडवले ते सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीने.

खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये झाले तेही सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी. त्याच्या जलाशयाकाठी 1955 पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तिचे छात्र शिडाच्या होड्या शिकतात त्या याच पाण्यावर.

जुन्नर-आंबेगावात हे पाणी आले शंभर वर्षे उशिरा, कुकडी प्रकल्पाबरोबर. येडगावचे धरण सत्तरच्या दशकात झाले, वडज आणि माणिकडोह ऐंशीच्या दशकात, घोड नदीवरचे डिंभे आणि माळशेज घाटाच्या माथ्याकडचे पिंपळगाव जोगे त्यानंतर. पाचांपैकी डिंभे सर्वांत मोठे, साडेतेरा टीएमसीच्या आसपास. माणिकडोह सुमारे दहा. येडगाव आकाराने लहान असले तरी प्रकल्पाचा दरवाजा तेच. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने तिथे येते, आणि तिथून निघणारा कुकडीचा डावा कालवा पार करमाळ्याकडे जातो.

ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव डिंभ्याच्या फुगवट्यात गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या देवळाचे दगड आणि घरांची जोती उघडी पडतात. ऑक्टोबरात जिथून होडी सहज जाईल तिथे मे महिन्यात माणूस चालत फिरतो. उघड्या पडलेल्या गाळावर आसपासचे महादेव कोळी शेतकरी गाळपेर करतात. म्हणजे पाणी कोणत्या आठवड्यात कुठवर उतरणार हा त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. याच जलाशयावर विस्थापितांनी मासेमारीची सहकारी संस्था उभारली. त्यांना साथ देणाऱ्या शाश्वत संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. इथल्या पाण्याची रोजची खबर सर्वांत आधी या लोकांना असते. हौशी नाववाले त्यांच्यामागून आले.

पाणी कसे असेल हे पावसाळ्यानंतर आभाळ ठरवत नाही, आवर्तन ठरवते, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक दिवस कालव्यात पाणी सोडण्याची पाळी. हा शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी पावसाइतकाच येतो. रब्बीचे आवर्तन, उन्हाळी आवर्तन, ते किती दिवस चालणार, आधी पाणी कोणाला मिळणार, यावर बैठका होतात आणि भांडणेही. कालवा सुटला की जलाशय उतरू लागतो, काठाचा चिखल उघडा पडतो, होडी लावण्याची जागा आत सरकते. पावसाळ्यात उलटे. धरण भरत आले की सांडव्यावरून विसर्ग सुरू होतो आणि खालच्या गावांना इशारा जातो. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 हजार लिटर पाणी. जुन्नरमध्ये पावसाचा थेंब नसतानाही घाटावरच्या पावसाने कुकडी काही तासांत अंगावर येऊ शकते.

वाऱ्यावर मात्र कोणाची सत्ता नाही. जुन्नरची खोरी पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरली आहेत, दोन्ही बाजूंना डोंगररांगा. जूनमध्ये मोसमी वारा घाटावर आदळतो आणि या खोऱ्यांत नळीत शिरावा तसा शिरतो. नाणेघाटात त्याचा जोर डोळ्यांनी दिसतो: कड्यावरून पडू पाहणारे पाणी खाली न जाता फवारा होऊन परत माथ्यावर येते आणि पाहणारा नखशिखांत भिजतो. माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे या वाऱ्याच्या थेट वाटेवर आहेत. वाऱ्याला पाण्यावर जितकी लांब मोकळी धाव मिळेल तितकी लाट मोठी होते, म्हणून पश्चिमेच्या टोकाला शांत वाटणारा जलाशय पूर्वेला, भिंतीजवळ, चांगलाच उसळलेला असू शकतो. दिवाळीनंतर वारा पडतो. हिवाळ्यातली सकाळ नावेसाठी वर्षातली सर्वांत चांगली वेळ. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारनंतर वारा उठतो आणि वळवाच्या आधी तर क्षणात दिशा बदलतो.

या भागात वाऱ्यावर काटेकोर नजर ठेवली जाते ती खोडदला, आणि तिचा पाण्याशी काही संबंध नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या इथे आणि आसपासच्या गावांत आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्याने ती शिडासारखी ओढली असती. म्हणून ती बारीक तारांच्या जाळीची केली, वारा आरपार जातो. तरीही वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवतात आणि तबकड्या आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवतात. शिडाच्या होडीचे शीड उतरवण्यामागेही हाच हिशेब असतो.

पाणी दुसऱ्या कामासाठी आणि खेळ त्याच्या आधाराने, याचे सर्वांत ठळक उदाहरण सह्याद्रीच्या पलीकडे कोलाडला आहे. मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले. त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुळेचे ते पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि तिथून कुंडलिकेत जाते. वीजनिर्मितीनंतर सकाळी सुटणाऱ्या या पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते, म्हणून भर उन्हाळ्यातही तिथे प्रवाह मिळतो. पुण्याच्या बोट क्लबांखालून जाऊ शकणारे पाणी असे पश्चिमेला तराफे वाहते. ज्यांची शेते त्यासाठी बुडाली त्यांच्या वारसांना यात गंमत वाटेल की नाही, हा वेगळा प्रश्न.

2018 मध्ये जुन्नर राज्यातला पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला आणि किल्ले, लेणी, अष्टविनायक यांच्या जोडीला जलाशयांकडेही पर्यटनाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. ओझरचा विघ्नेश्वर तर येडगावच्या फुगवट्याच्या काठीच आहे. राजुरीच्या वाट्याला मात्र जलाशय नाही, कालव्याचे पाणी आहे. आवर्तन चालू असताना कालवा काठोकाठ आणि वेगाने वाहतो. अस्तरीकरण केलेल्या गुळगुळीत, तिरक्या काठांना हाताने धरायला काही सापडत नाही. त्यात पोहायला उतरू नये.