एक हात मोकळा हवा : प्रवासाच्या पिशवीची गोष्ट

हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. आज मी तुम्हाला पिशवीचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. राजांचा इतिहास असतो, किल्ल्यांचा असतो, तसा पिशवीचाही असतो. आणि तो आपल्याच डोक्यावरून, खांद्यावरून पुढं आलेला आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. पंचवीसेक वर्षं झाली असतील. मे महिन्यात माहेरी निघाले होते. धाकटा आठ महिन्यांचा, कडेवर. थोरली तीन वर्षांची, चालती. उजव्या हातात कपड्यांची रेक्झिनची मोठी बॅग, त्याच हाताच्या बोटांत सासूबाईंनी दिलेली कुरडयांची पिशवी, आणि खांद्यावरून सारखी घसरणारी पर्स. थोरलीला म्हटलं, माझा पदर धर, सोडू नकोस. गाडी लागली, माणसं धावली, आणि गर्दीत पदर सुटला. शेजारच्या फलाटावरची एसटी निघायला म्हणून मागं येत होती आणि माझी पोर नेमकी तिच्या मागं. एका आजोबांनी तिचा दंड धरून ओढलं म्हणून वाचली.

मग सगळं स्टँड मला बोललं. बाई, लक्ष कुठं होतं तुमचं? मलाही तसंच वाटलं. कितीतरी रात्री झोप नव्हती. पुष्कळ वर्षांनी मी शांतपणे हात मोजले. एक हात बाळाला, एक हात बॅगेला. पोरीला धरायला तिसरा हात कुठून आणायचा होता? लक्ष जागेवर होतं, हातच शिल्लक नव्हता.

तेव्हापासून मी पिशव्यांकडं वेगळ्या नजरेनं बघते. ही पिशवी कुणासाठी केली, ती केली तेव्हा लेकुरवाळ्या बाईचा हात कुणी मोजला होता का, हे बघते.

आपल्या आज्या-पणज्यांपासून सुरू करू. त्यांचा प्रवास पायी, नाहीतर बैलगाडीनं. सामान म्हणजे गाठोडं. जुनं लुगडं किंवा धोतर पसरायचं, मध्ये वस्तू ठेवायच्या, समोरासमोरची टोकं बांधायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गाठोडं. मानेला त्रास व्हायचा हे खरंच, त्याचं कौतुक करायला नको. हवी ती वस्तू नेमकी तळाशी असायची आणि वाटेत सगळा संसार उलगडावा लागायचा. पण एक गोष्ट होती. दोन्ही हात मोकळे राहायचे. एक कडेवरच्या लेकराला, दुसरा चालत्या लेकराला.

दुसरी पडशी. मधून दुमडलेली लांब पिशवी, दोन्ही टोकांना दोन खण. खांद्यावर टाकली की एक खण पुढं लोंबतो, एक मागं. वारीला चाललेले वारकरी ती वापरत. पुढचं ओझं मागच्या ओझ्याला तोलून धरतं, म्हणून ती हातानं धरावी लागत नाही. आणि रोज लागणारी वस्तू पुढच्या खणात ठेवली की थांबायलाही लागत नाही.

तिसरी चंची. पानाची चंची तुमच्यातल्या कितीजणींनी आजीकडं पाहिली असेल. पान एका खणात, सुपारी दुसऱ्यात, चुन्याची डबी तिसऱ्यात. गुंडाळायची आणि दोरीनं बांधायची. अंधारातसुद्धा आजीची बोटं बरोब्बर सुपारीवर जायची. आज दुकानदार ‘दहा कप्प्यांची बॅग’ म्हणून कौतुकानं दाखवतो, तेव्हा मला चंचीच आठवते. आणि बटवा तर ठाऊकच आहे. ओढायच्या दोरीचा, कमरेला खोचायचा. त्यात औषधाच्या मुळ्या, सुंठ, वेखंड.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा सापडत नाही. नऊवारी लुगडं हीसुद्धा एक पिशवीच होती. पैसे कनवटीला, शेंगा-बोरं ओच्यात. काष्टा घातलेला, त्यामुळं पायही मोकळे. पुढं घरोघरी सहावारी आली. ती नेसायला सोपी, पण ओचा गेला. मग पैसे ठेवायला पर्स आली आणि तिनं एक खांदा अडवला. मुलाला कडेवर घ्यायला वाकलं की ती घसरणार, हे ठरलेलं.

मग आली रेल्वे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. 14 डबे, सुमारे 400 प्रवासी, अंतर 34 किलोमीटर. रेल्वेबरोबर सामानाची तऱ्हाही बदलली. पत्र्याची ट्रंक आली, होल्डॉल आला. होल्डॉल म्हणजे जाड कापडाची, चामडी पट्ट्यांची वळकटी, आत गादी, उशी, चादर. साहेबांच्या आणि फौजेच्या प्रवासाला या वस्तू फार सोयीच्या. ट्रंक मजबूत, कुलूप लागतं, वर बसताही येतं. पण ती उचलायला हमाल किंवा चाकर धरलेला होता. हमाल परवडत नसे अशा घरातल्या बाईचा विचार त्यात नव्हता. तरी ट्रंक आपल्या घरात आली, लेकीबरोबर सासरी गेली आणि पुढं खाटेखाली कायमची बसली. कारण ती ठेवायला चांगली होती, न्यायला नव्हती.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या रस्त्यावर पहिली एसटी धावली. पुढं ती गावोगाव पोचली. जुन्या एसटीच्या टपावर सामान टाकलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, बुजगावण्यापासून कोंबड्यांच्या डालग्यापर्यंत सगळं वर. पण बाळाची दुपटी टपावर गेली की झालं! मधल्या गावात बाळ ओलं झालं तर बाई काय करणार? म्हणून जाणत्या बायका दोन बोचकी करायच्या. मोठं टपावर, लहान मांडीवर. लहान बोचक्यात दुपटी, एक अंगडं, पाण्याची बाटली, दशम्या. ही शहाणी रीत कुण्या कंपनीनं शिकवली नाही.

आता थोडं परदेशात जाऊन येऊ. कारण आज आपल्या बाजारात ज्या बॅगा दिसतात, त्यांची मुळं तिकडं आहेत.

1970 साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाचे गृहस्थ सामानाच्या बॅगा करणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर होते. कुटुंबासह सुटीवरून परतताना दोन जड सुटकेस ओढून ते घामाघूम झाले. तेवढ्यात विमानतळावर एक कामगार चाकांच्या गाड्यावरून जड यंत्र सहज ढकलत नेताना त्यांना दिसला. कामावर परतल्यावर त्यांनी सुटकेसला चार चाकं लावली, पुढं पट्टा लावला. 1972 साली त्यांना पेटंट मिळालं. गंमत बघा, माणूस 1969 साली चंद्रावर उतरला आणि बॅगेच्या चाकाचं हे पेटंट त्यानंतरचं!

त्याहून गंमत पुढं आहे. सुरुवातीला दुकानदार ती बॅग घ्यायलाच तयार नव्हते. पुरुष मंडळी चाकाची बॅग ओढणार नाहीत, त्यात त्यांना कमीपणा वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ओझं उचलणं ही मर्दानगी! पण ओझं उचलणाऱ्या बाईच्या सोयीचं काय, हा प्रश्न त्या दुकानांत कुणी विचारला नसावा. पुढं 1987 साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं उभी, दोन चाकांची, लांब दांड्याची बॅग केली. आज स्टेशनावर दिसते ती तिचीच पुढची पिढी.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ॲन मूर नावाची अमेरिकन परिचारिका 1960 च्या दशकात आफ्रिकेतल्या टोगो देशात सेवेला गेली होती. तिथल्या आया बाळाला कापडानं पाठीशी बांधून बाजारात जात, शेतात राबत. बाळं आईच्या अंगाला चिकटून शांत असत. मायदेशी परतल्यावर तिला स्वतःची लेक झाली. तिलाही तसंच जवळ ठेवायचं होतं, पण कापड नीट बांधणं जमेना. मग तिच्या आईनं तिला एक पिशवी शिवून दिली, बाळ बसेल अशी, पट्ट्यांची. 1969 साली तिचं पेटंट झालं आणि जगभर अशा पिशव्या विकल्या जाऊ लागल्या. म्हणजे टोगोतल्या बायकांचं शहाणपण आणि एका आजीची शिलाई. आपल्याकडंही बाळाला झोळीत घालणं, पाठुंगळीला बांधणं जुनंच. ते मागासलेपण नव्हतं. तो हात मोकळा करण्याचा उपाय होता.

आणि प्लास्टिकची पिशवी? ती स्वीडनमधल्या स्टेन थुलिन या माणसानं केली, 1965 साली तिचं अमेरिकेत पेटंट झालं. पिशवी पुन्हा पुन्हा वापरावी, असं त्याला वाटत होतं. आपण ती एकदा वापरून फेकू लागलो. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारं तुंबली, त्यात या पिशव्यांचा वाटा होता. 2018 साली महाराष्ट्रानं त्यांच्यावर बंदी घातली. प्रवासाच्या दृष्टीनंही ती वाईटच. बंद बोटात रुततो आणि ऐन वेळी तुटतो.

आता कुणी म्हणेल, चाकाची बॅग निघाली, मग प्रश्न मिटला. मैत्रिणींनो, चाक गुळगुळीत फरशीवर चालतं. आपला रस्ता फुफाट्याचा, पावसाळ्यात चिखलाचा. एसटीच्या पायऱ्या उंच. तिथं चाकाची बॅग उचलावीच लागते आणि चाकांचं वजन उलट वाढतं. ओढायला तिलाही एक हात लागतोच.

दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. सहा महिन्यांचा संसार बोचक्यांत बांधलेला, लेकरू झोळीत. त्या बाईला कुठली बॅग घ्यायची हा हौसेचा प्रश्न नाही. लेकराच्या लसीकरणाचं कार्ड आणि रेशनकार्ड कोरडं राहिलं की नाही, हा प्रश्न आहे. कार्ड भिजलं, हरवलं, तर नव्या गावात नर्सताईला कोणती लस झाली ते कसं कळणार?

म्हणून पुढच्या वेळी पिशवी घेताना किंवा शिवताना आपल्या आज्यांचं ऐका. पडशी सांगते, ओझं दोन्हीकडं तोला. म्हणजे दोन्ही खांद्यांवर रुंद पट्टे असलेली पाठीवरची सॅक घ्या, एका खांद्याची नको. चंची सांगते, खण करा. ओलं वेगळं, कोरडं वेगळं, खाऊ वेगळा, पाण्याची बाटली बाहेरच्या खणात. बटवा सांगतो, पैसे, कागद आणि औषध अंगावर ठेवा. त्यासाठी झाकणाची लहान पिशवी गळ्यातून आडवी घाला, ती पुढं राहू द्या. कार्डं जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून मगच त्यात घाला. आणि टपावरचं बोचकं सांगतं, एका रात्रीचं सगळं एका पिशवीत कोंबू नका. बाळाचं वाटेतलं सामान वेगळं, हाताशी. चालत्या लेकराच्या खिशात आपला मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आपल्या बचत गटांत शिलाई मशीन आहेत, घरात जुन्या सतरंज्या आणि जीन्स पडलेल्या आहेत. त्याचे पट्टे फार मजबूत होतात. पट्टा जिथं जोडतो तिथं चौकोन करून आत फुलीची शिलाई मारा, ओझ्यानं उसवणार नाही. अशी पिशवी आधी स्वतःसाठी करा. मग बाजारात नेऊन विका.

आणि एक परीक्षा सांगते. पिशवी भरा. पाठीवर घ्या. लहानग्याला कडेवर घ्या, थोरल्याचा हात धरा. आता घराचा उंबरठा तीनदा ओलांडा. एकदाही थोरल्याचा हात सोडावा लागला नाही, तर पिशवी पास. सोडावा लागला, तर दोन साड्या कमी करा. माहेरी साड्या मिळतात.

17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. प्रवास स्वस्त झाला, तो निर्धास्तही व्हावा. स्टँडवर कुणी बाई पोरांसह, पिशव्यांसह अडकलेली दिसली, तर तिला लक्ष कुठं आहे असं विचारू नका. पुढं व्हा आणि तिची एक पिशवी धरा. त्या दिवशी त्या आजोबांनी मला काहीच विचारलं नव्हतं. पोर माझ्या हाताशी दिली आणि बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.