टिलव्याचे दोन उन्हाळे

निपाणी, संकेश्वर, हुक्केरी ही नावे आम्हां गोवेकरांच्या कानावर पडतात ती तंबाखू, मिरची आणि सीमाप्रश्नामुळे. या मुलखाचे नाते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशाशीही आहे असे मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. पण नाते खरे आहे. ते जोडतो टिलवा नावाचा चिमणीएवढा, पंचवीस-तीस ग्रॅमचा पाणपक्षी.

हिवाळ्यात आपल्याकडच्या तळ्यांच्या काठी चिखलात लगबगीने टोच मारत फिरणारा हा पक्षी घरटे कुठे बांधतो, याविषयी दीडशे वर्षांपूर्वी फारच थोडी माहिती होती. १८७५ साली शेफील्डचा पोलाद कारखानदार हेन्री सीबोम आणि त्याचा सोबती हार्वी-ब्राऊन हे रशियात पेचोरा नदीवर पोचले. बर्फावरून घसरगाडीने गेले आणि नदी फुटायची वाट पाहत राहिले. त्या उन्हाळ्यात त्यांना टुंड्रावर टिलव्याची अंडी सापडली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८१ च्या सुमारास, कॅप्टन बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी छापली. बेळगाव याच मुलखातले. यादी आली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात. त्याचे संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. पुढे १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावातच भरले. योगायोग म्हणा हवे तर!

टुंड्राचा उन्हाळा म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा कारभार. जूनमध्ये वरचे बर्फ वितळते, पण खालची जमीन गोठलेलीच, त्यामुळे पाणी मुरत नाही. जिकडे तिकडे डबकी, आणि डबक्यांवर डासांचे ढग. सूर्य मावळतच नाही. टिलव्याची मादी बहुधा दोनदा अंडी घालते. एक घरटे नर उबवतो, दुसरे ती स्वतः. पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच आपापले किडे टिपू लागतात. तिथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी तीन-चार वर्षांनी उदंड होतात. ते कमी झाले की खोकड भुकेने पाणपक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करतात. म्हणजे सायबेरियातल्या उंदरांच्या संख्येवर आपल्या चिखलातल्या पक्ष्यांची संख्या ठरू शकते.

आता इकडचा चिखल. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा १८९७ मध्ये झाला. तिथल्या परिसराला १९७४ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. वरच्या अंगाला हिडकल धरण १९७७ मध्ये पुरे झाले, आणि हुन्नूरसारखी गावे पाण्याखाली गेली. हुन्नूरचे विठ्ठलमंदिर आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, लोक दर्शनाला जातात, पावसाळ्यात देव पुन्हा बुडतो.

पाणी ओसरते तसा काठचा चिखल उघडा पडतो. असा चिखल हेच टिलव्यासारख्यांचे ताट. एप्रिल-मेच्या सुमारास अंगावर चरबी चढवून ते उत्तरेला निघतात. एकाच ओहोटीत माणसांना हरवलेले गाव दिसते आणि पक्ष्यांना प्रवासाची शिदोरी मिळते. धरणाचा जमाखर्च मांडताना शेतीचे पाणी आणि विस्थापितांचे दुःख लिहिले जाते. ही तिसरी नोंद सहसा कुणी करत नाही.

काळजी मात्र तिकडची आहे. टुंड्रावरचे बर्फ आता लवकर वितळते आणि किड्यांचा हंगाम पुढे सरकतो. टिलव्याचा भाऊबंद असलेल्या 'नॉट' पक्ष्याची पिल्ले वेळेवर खाणे न मिळाल्याने खुरटी, आखूड चोचीची होत असल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चोच आखूड असली की हिवाळी मुक्कामी खोल वाळूतले शिंपले पकडता येत नाहीत. म्हणजे तिकडचा बिघडलेला उन्हाळा त्याला दूर दक्षिणेत उपाशी ठेवतो.

आपण सीमा निपाणीच्या अलीकडे की पलीकडे यावर सहा दशकांहून अधिक काळ भांडतो आहोत. भांडणाला कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण या तळ्यांचा एक वाटेकरी पेचोराच्या बाजूला राहतो, आणि त्याची बाजू मांडायला कोणत्याही कोर्टात वकील नाही.