गुलमंडीला जपानीत काय म्हणावे?

जपानी भाषेत बाजार हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ बाजार, दुसऱ्याचा जागा. गंमत अशी की हीच जोडी ‘इचिबा’ अशीही वाचली जाते आणि ‘शिजो’ अशीही. अक्षरे तीच, पण उच्चार बदलला की बाजारही बदलतो.

अजिंठा-वेरूळसाठी आलेल्या जपानी पाहुण्याला छत्रपती संभाजीनगर दाखवू पाहणाऱ्या मार्गदर्शकापुढे हा पेच दुहेरी होतो. कारण या शहराकडेही बाजारासाठी एकच शब्द नाही. शहागंज, गुलमंडी, सराफा, जुना मोंढा, छावणीचा आठवडी बाजार : प्रत्येक नावामागे व्यवहाराची निराळी रीत आहे. सगळ्यांना सरसकट ‘इचिबा’ म्हटले, तर पाहुण्याला गर्दी दिसेल, इतिहास दिसणार नाही.

‘इचिबा’ म्हणजे डोळ्यांना दिसणारा बाजार : टोपल्या, घासाघीस, मासळीचा वास. ‘शिजो’ हा चिनी वळणाचा उच्चार. शेअर बाजार, कामगार बाजार अशा अमूर्त अर्थांसाठी तोच चालतो. मात्र कायद्याने चालणाऱ्या घाऊक बाजारालाही ‘शिजो’च म्हणतात. १९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीने जपानभर दंगली उसळल्या. पुढे १९२३ मध्ये मध्यवर्ती घाऊक बाजारांचा कायदा झाला. परवानाधारक व्यापारी, उघड लिलाव, सरकारी देखरेख असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. जाधववाडीच्या समितीसाठी ‘ओरोशिउरी शिजो’, म्हणजे घाऊक बाजार, हा शब्द निःशंक वापरावा.

मोंढ्याचे तसे नाही. मोंढा हा खास मराठवाड्याचा शब्द. नांदेड, परभणी, जालना, सगळीकडे धान्याच्या घाऊक पेठेला तो लावतात. त्याचा कणा म्हणजे आडत्या. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, गिऱ्हाईक गाठून द्यायचे, आडत कापून घ्यायची आणि पेरणीच्या दिवसांत त्याच शेतकऱ्याला उचल द्यायची. जपानमध्ये नेमका हाच माणूस ‘तोन्या’ म्हणून ओळखला जाई. एदो काळातील ओसाकाचे तोन्या देशभरचा माल आडतीवर विकत, पैसाही फिरवत. तेथील दोजिमाच्या तांदूळ बाजाराला १७३० मध्ये शोगुनशाहीची मान्यता मिळाली आणि न पाहिलेल्या तांदळाचे वायदे राजरोस होऊ लागले. तेव्हा जुन्या मोंढ्यासाठी ‘तोन्यागाइ’, तोन्यांची आळी, हाच शब्द जवळचा. त्यात विश्वास आणि कर्जबाजारीपणा दोन्ही आपोआप येतात.

छावणीत गुरुवारी भरणाऱ्या बाजारासाठी मात्र साधा ‘इचि’ पुरे. मध्ययुगीन जपानमध्ये महिन्यातून तीनदा, पुढे सहादा ठरावीक तिथींना बाजार भरत. योक्काइचि या शहराचे नावच ‘चौथीचा बाजार’ असे आहे. ४, १४, २४ अशा ४ च्या तारखांना तेथे बाजार भरे. पुण्याच्या शनिवार, रविवार पेठा ज्याला ठाऊक आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेत लागणारी दुकाने मात्र ‘इचि’ नव्हेत. देवदर्शनाच्या दिवशी मंदिराभोवती भरणाऱ्या अशा जत्रेला जपानीत ‘एन्निचि’ म्हणतात.

सर्वांत अवघड शब्द पेठ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर परतल्यानंतर तिचे औरंगाबाद झाले आणि सरदारांच्या नावांनी जयसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा उभे राहिले. नवे शहर वसवायचे तर व्यापारी हवेत आणि व्यापारी सवलतीशिवाय येत नाहीत. मराठी मुलखात पेठ वसवताना कौल दिला जाई. काही वर्षे करांत सूट मिळे. १५७७ मध्ये ओदा नोबुनागाने आझुचि या आपल्या नव्या किल्ल्याखालच्या गावासाठी असेच फर्मान काढले. त्याला ‘राकुइचि’, मोकळा बाजार, म्हणतात. साम्य मोहक आहे, पण फसवे. नोबुनागाने व्यापारी संघांचे जुने हक्क मोडले. आपल्या पेठेत शेटे आणि महाजन हे वंशपरंपरागत वतनदार होते, म्हणजे हक्क उलट बांधून दिलेले. ‘राकुइचि’ म्हणावे ते कौलाला, पेठेला नव्हे.

शहागंजातला ‘गंज’ फारसी. मूळ अर्थ खजिना, साठा, त्यावरून धान्याची पेठ. गुलमंडी नावाने फुलांची मंडी, पण आज दुकानांच्या रांगांची. तिला ‘शोतेन्गाइ’, दुकानांचा रस्ता, म्हणणेच प्रामाणिक. तरीही कोणी ‘इचिबा’ म्हटलेच, तर क्योटोचे उदाहरण त्याच्या बाजूने आहे : तेथील निशिकि इचिबासुद्धा प्रत्यक्षात दुकानांचा रस्ताच आहे, नाव तेवढे जुने.

नावे अशीच मागे राहतात. तोक्योचा घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला. त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्ल्यांना लोक अजूनही ‘जोगाइ शिजो’, बाहेरचा बाजार, म्हणतात, आत बाजार उरलेला नसताना. शेतमालाचा लिलाव जाधववाडीला गेला तरी इकडे रिक्षावाल्याला ‘मोंढा’ एवढेच सांगितले की तो जुन्या मोंढ्याच्या नाक्यावर आणून सोडतो.