घराचा दलाल : पेठेंतून विश्रांतवाडीपर्यंत

आळंदीहून पुण्यास येणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी विश्रांतवाडीवरून जाते, आणि वारकऱ्यांच्या विसाव्यावरूनच या स्थळास हें नांव पडलें अशी लोकांची समजूत आहे. पालखीचा विसावा घटकाभराचा. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथें कायमच्या विसाव्यासाठीं येणाऱ्यांची रीघ लागली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, १९३९ सालचा लोहगांवचा वायुदलाचा तळ, दिघीकडील संरक्षण संशोधनाची संस्था, येथील नोकरमाणसांस शहरांतलें बिऱ्हाड दूर पडूं लागलें. आळंदी रस्त्यालगत, कळस-धानोरीच्या बाजूस, शेतांचे भूखंड झाले. भूखंड आणि घेणारा यांच्यामध्यें एक तिसरा मनुष्य आला. त्यास कोणी दलाल म्हणतात, कोणी एजंट म्हणतात. मौज अशी कीं दलाल हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ वाट दाखविणें असा आहे. त्यानें दाखविलेली वाट कोठें नेते, हें मात्र घेणाऱ्यास पुष्कळदां फार उशिरां कळे.

पेशवाईंत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटलेला होता. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकार कौल देई, आरंभीं करांत सूट देई, आणि उदमी लोक आणून वसविण्याचें काम शेटे-महाजनांकडे असे. शेट्याचा हक्क वतनी होता. पेठ नांदली तर त्याचें वतन नांदे. घराच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहीत, शेजारीपाजारी साक्षी घालीत. मधल्या माणसास फसवून पळून जाण्यास जागाच नव्हती. त्याचा मुलगा-नातू त्याच पेठेंत राहावयाचा होता. त्याच्या शब्दाची किंमत त्याच्या सचोटीपेक्षां त्याच्या वतनांत अधिक होती, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं.

इंग्रजी अमलांत सत्य साक्षीदाराकडून दफ्तरांत गेलें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवांचून ग्राह्य राहिली नाहीं. १९०८ सालीं नोंदणीचा कायदा आला. तथापि पुण्याचा मध्यमवर्ग बहुतांशीं भाड्याच्या खोल्यांत राही, आणि दलालाचें काम बिऱ्हाड दाखविण्यापुरतें असे. त्यांत फसगत झाली तर फार तर महिना-दोन महिन्यांचें भाडें बुडे. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं आणि भाड्यासाठीं वाडे बांधण्यांत मालकांस स्वारस्य उरलें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील हजारों संसार उघडे पडले. शहर बाहेर सरकलें, आणि दलाल भाड्याच्या खोलीकडून विकत घ्यावयाच्या घराकडे वळला. आतां त्याच्या एका शब्दावर महिन्याचें भाडें नव्हे, तर जन्माची पुंजी लागूं लागली.

१९६३ सालीं महाराष्ट्रांत मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. करार नोंदविण्यापूर्वीं बांधणाऱ्यानें किंमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊं नये असें त्यांत होतें. दलालाविषयीं मात्र त्यांत नियमन नव्हतें. बांधणाऱ्यास लगाम घातला, वाट दाखविणारा मोकळाच राहिला.

या मोकळेपणाचीं फळें शहरालगतच्या गुंठ्यांनीं दाखविलीं. गुंठा म्हणजे १२१ चौरस वार, एकराचा चाळिसावा हिस्सा. नोकरमाणसाच्या भविष्यनिर्वाह निधींत बसण्याजोगी जमीन. परंतु १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानें शेतजमिनीचा असा तुकडा विकणेंच निषिद्ध होतें. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हां जादा जमीन सरकारजमा होण्याच्या धास्तीनें कित्येक मालकांस ती लवकर मोकळी करावीशी वाटली. मग मुद्रांकाच्या कागदावर साठेखत, जोडीस कुलमुखत्यारपत्र, आणि दलालाचें आश्वासन : ‘पुढें सारें नियमित होतें.’ घेणाऱ्याचें नांव सातबाऱ्यावर चढत नसे. बँक कर्ज देत नसे. नकाशा मंजूर होत नसे. मालक वारला कीं कुलमुखत्यारपत्राचा आधारही सामान्यतः संपे, आणि वारस दारांत उभे राहत. ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सूरज लॅम्पच्या दाव्यांत स्पष्ट केलें कीं अशा मुखत्यारपत्रानें मालकी मिळत नाहीं. ज्यांनीं त्यावर घरें बांधलीं होतीं त्यांस ही बातमी वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. २०१७ सालीं राज्यानें तुकडेबंदीच्या कायद्यांत दुरुस्ती करून शुल्क घेऊन कांहीं व्यवहार नियमित करण्याची वाट काढली. म्हणजे दलालाचें आश्वासन पुष्कळ वर्षांनीं अंशतः खरें ठरलें, पण तेव्हां पैसे पुन्हां घेणाऱ्यानेंच भरावयाचे होते. विश्रांतवाडी-लोहगांवच्या बाजूस आणखी एक अडचण आहे. वायुदलाच्या तळाजवळ इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत आणि दारूगोळ्याच्या कोठाराभोंवतीं बांधकामास मनाई आहे. जमीन निर्वेध असली तरी तीवर घर उठेल असें नाहीं.

२०१६ सालीं संसदेनें स्थावर संपदेचा कायदा केला, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला, आणि त्यांत प्रथमच दलालास नांव मिळालें. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील घर विकण्यास मदत करावयाची तर दलालानें स्वतः नोंदणी करावी; नोंदणीवांचूनचा प्रकल्प विकूं नये; खोटें सांगूं नये; हिशेब ठेवावे. मोडल्यास दिवसास दहा हजार रुपये दंड, घराच्या किंमतीच्या पांच टक्क्यांपर्यंत. आगाऊ रकमेची मर्यादाही दहा टक्क्यांवर आली. महाराष्ट्रांत दलालांस प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक झाली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजीं झाली. वतनाची जागा प्रमाणपत्रानें घेतली, इतकेंच! शेट्याचा नातू पेठेंत असे. प्रमाणपत्राचा क्रमांक संकेतस्थळावर असतो, आणि तो पाहण्याचे कष्ट घेणारांनीं घेतले तरच त्याचा उपयोग.

शिवाय कायद्याची कक्षा मर्यादित आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन, म्हणजे जवळ जवळ पांच गुंठे, किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प नोंदणीच्या बाहेर राहतो. आणि एका रहिवाशानें दुसऱ्यास विकलेली जुनी सदनिका तर दलालाच्या नोंदणीच्या अटींतच येत नाहीं. तेथें पेशवाईंतील साक्षीदार नाहीं, आणि नव्या कायद्याचा दंडही नाहीं. तेथें सातबारा, किंवा नगर भूमापन झालें असल्यास मिळकत पत्रिका, फेरफार, सूची क्रमांक दोन आणि मंजूर नकाशा हे कागद घेणाऱ्यानेंच मागावयाचे. त्यांतला सातबारा तर आतां घरबसल्या पाहतां येतो. विश्रांतवाडीच्या दलालानें हे कागद न मागतां पुढें ठेवले, तर तो वाट दाखवितो आहे असें समजावें. त्यानें आधीं विसाराची रक्कम विचारली तर आळंदी रस्त्यावर दुसरे दलाल पुष्कळ आहेत.