हेझल वादळाचे स्थित्यंतर

वादळांनाही कायदा असतो, ही कल्पना आम्हा वकिलांस स्वभावतःच मोहक वाटते. कलकत्त्यास सागरी चौकशी-न्यायासनाचे अध्यक्ष असलेले हेन्री पिडिंग्टन ह्यांनी १८४८ साली खलाशांसाठी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच ‘वादळांचा कायदा’ हे शब्द होते. सर्पाच्या वेटोळ्याचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ ही संज्ञा त्यांनीच घडविली. परंतु हा सर्प उत्तरेकडील थंड मुलखात शिरला म्हणजे कात टाकतो, आणि मग त्यास पूर्वीची कलमे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. ऑक्टोबर १९५४ मधील ‘हेझल’ वादळाची हकीकत ह्या दृष्टीने मननीय आहे.

कॅरिबियन समुद्रात जन्मलेल्या ह्या वादळाने प्रथम हैती देशात शेकडो बळी घेतले. १५ ऑक्टोबरच्या सकाळी ते अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना ह्या राज्यांच्या सीमेजवळ किनाऱ्यावर आदळले. उष्ण कटिबंधातील वादळ जगते ते समुद्राच्या उबेवर. वर चढणाऱ्या बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तीच त्याचे अन्न. भूमीवर येताच हे अन्न तुटते. आपल्या किनाऱ्यावरची वादळे बहुधा ह्याच रीतीने विरतात. म्हणूनच वादळ किनाऱ्यास लागले की त्याचा निकाल लागला, असे आपण धरून चालतो.

कॅनडातील टोरोंटो शहर त्या किनाऱ्यापासून सुमारे १,१०० किलोमीटर आत. वाटेत ॲलेघेनी पर्वताची रांग. ती वादळाचा जोर मोडील, अशी आशा तेथील हवामान कचेरीच्या निवेदनात व्यक्त झाली होती. पाऊस व वारा ह्यांची सूचना कचेरीने दिलीच नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल.

घडले ते निराळेच. उत्तरेकडे जाता जाता हेझलची गाठ पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेशी पडली. आता वादळाला समुद्राची गरज उरली नाही. उष्ण-दमट हवा थंड हवेवर चढू लागली, आणि दोहोंच्या तापमानातील अंतर हेच त्याचे नवे बळ झाले. अशा स्थित्यंतरात मधला उबदार गाभा नाहीसा होतो, गोल आकार बिघडतो, वाऱ्यांचा विस्तार वाढतो, आणि उत्तर गोलार्धात पावसाचा मुख्य भार वादळाच्या मार्गाच्या डाव्या बाजूस सरकतो. नाव तेच राहिले. पण पक्षकार बदलला होता!

टोरोंटोजवळील ब्रॅम्प्टन येथे चोवीस तासांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. आधीच्या पावसाने जमीन भिजून तृप्त झालेली. पाणी मुरावे कोठे? हंबर नदी रात्रीतून फुगली. तिच्या काठच्या रेमोर ड्राइव्ह ह्या एकाच रस्त्यावर ३५ माणसे मृत्यू पावली. झोपेतून उठून दिवा लावेपर्यंत दाराशी नदी! मदतीस धावलेले अग्निशामक दलाचे पाच स्वयंसेवकही पुरात गेले. कॅनडातील एकूण मृतांची संख्या ८१ झाली.

पुढचा भाग मला, माझ्या धंद्यामुळे असेल, विशेष महत्त्वाचा वाटतो. नदीकाठी घर बांधण्याचा मालकाचा हक्क कोठपर्यंत, हा प्रश्न तेथे आता पुस्तकी राहिला नव्हता. १९५७ साली टोरोंटो परिसरातील चार संस्था एकत्र करून एक मोठे संरक्षण-प्राधिकरण स्थापन झाले. त्याने पूरक्षेत्रातील जमिनी संपादन केल्या, आणि तेथे पुन्हा वसती होऊ दिली नाही. एवढेच नव्हे, तर दक्षिण ओंटारिओच्या मोठ्या भागात पूररेषा आखताना हेझलचा पाऊस हेच प्रमाण मानण्यात आले. एखाद्या वादळाने नियमावलीत असे स्वनामाने स्थान मिळविल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

रेमोर ड्राइव्हवरील वाहून गेलेल्या घरांच्या जागी पुढे उद्यान करण्यात आले. रेमोर पार्क हे त्याचे नाव.